एका पितळी चाकासाठी पनवेल

पनवेलला लोक उतरतात ते पुढे जाण्यासाठी. कुणाला गोव्याची गाडी धरायची असते, कुणाला अलिबागची, आणि आता विमानतळ झाल्यापासून कुणाला आणखी कुठली. मुद्दाम मुक्कामाला म्हणून पनवेलला गेलेला माणूस आमच्या फलटणकडे तरी मी पाहिलेला नाही. मी मात्र जवळजवळ आठवडाभर राहून आलो, आणि तेही एका चाकासाठी. चाक म्हणजे रस्त्यावर फिरणारं नव्हे. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समध्ये तेलात बुडून बसणारं, मोठ्या बशीएवढं, पितळी रंगाचं दातेरी चाक. ते पिशवीत घालून मी खांद्यावर वागवलं आणि उजवा खांदा अजून कुरकुरतो आहे.

आधी अण्णाबद्दल सांगायला हवं. अण्णा माझा थोरला भाऊ. काही वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचा वाचली, डावा पाय गेला. तरी घरची पेरूची बाग तोच बघतो, आणि बघतो ते एका ठेंगण्या लाल ट्रॅक्टरवर बसून. कुठल्याशा साहेबाने बंगल्यातली हिरवळ कापायला म्हणून तो परदेशातून आणवला होता. साहेब गेला, बंगला पडला, आणि ट्रॅक्टर लिलावात अण्णाकडे आला. तेव्हा गावाने त्याला खेळणं म्हणून हसून घेतलं. पण या खेळण्याची एक खुबी आहे. त्याचा क्लच पायाला नाही, हाताला आहे. आज कुठलाही नवा ट्रॅक्टर घ्या, क्लच डाव्या पायाखाली असतो. म्हणजे अण्णाला चालवता येईल असा ट्रॅक्टर आमच्या अख्ख्या तालुक्यात तो एकच.

त्याच्या त्या पितळी चाकाचे दात झिजून बोथट झाले, आणि एके दुपारी ट्रॅक्टर बागेच्या मधोमध उभा राहिला. इंजिन धडधडतंय, गाडी ढिम्म. अण्णाला चौघांनी उचलून घरी आणलं. ते त्याला फार लागलं. त्यातच त्याच्या मुलाने शेजारच्या विलासला बाग खंडाने द्यायचं बोलणं काढलं. अण्णा एवढंच म्हणाला, "ट्रॅक्टर चालला तर बाग माझी. नाही चालला तर द्या कुणालाही, आणि मला खिडकीत बसवून ठेवा."

फलटण झालं, बारामती झाली, पुण्यातले जुने बाजार झाले. चाक कुठे नाही. शेवटी पुण्यातला एक भंगारवाला म्हणाला, असली विलायती यंत्रं मुंबईच्या शेठ लोकांनी पनवेलच्या बाजूला फार्महाऊसांवर आणून टाकली होती, तिकडे बघा. माझा जन्म कारखान्याच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजण्यात गेला, त्यामुळे घरात सगळ्यांचं बोट माझ्याकडेच वळलं. दिवाळीचा फराळ संपायच्या आत मी निघालो.

गुरुवार, कळंबोली

उतरलो ते रोडपालीला भाचीकडे. शुभा आणि तिचा नवरा दोघंही नोकरीला. घर सातव्या मजल्यावर आणि दाराला तीन कुलपं. आमच्याकडे दाराला कुलूप लागलं तर लोक विचारायला येतात, कोण गेलं म्हणून. शुभा ऑफिसला निघता निघता म्हणाली, "मामा, फ्रिजमध्ये सगळं आहे, मायक्रोवेव्ह करून घे. आणि प्लीज ती पिशवी सोफ्यावर नको ठेवूस, ऑइल लागेल." पिशवी बाल्कनीत ठेवली. वरून विमान इतकं खाली गेलं की मी उगाच मान खाली घातली.

कळंबोलीचं लोखंड मार्केट म्हणजे ट्रकांचं रान आहे. पत्रे, सळया, पाईप, आणि त्यांच्यामधून वाट काढणारे आपण. चार ठिकाणी चाक दाखवलं, चारही ठिकाणी ते हातात तोलून परत मिळालं. पाचवा हनीफभाई. दुकान भंगाराचं, पण माणूस चाकाकडे बघताना चष्मा पुसून बघणारा. मला त्याने आधी बसायला डबा दिला, मग चहा दिला, मग निकाल दिला.

"काका, चीज उमदा आहे. गनमेटल, पितळेच्याच जातीचं. पण आता हिचे दात गेले, काय करणार? नवीन कुणी बनवत नाही. बनवणारी कंपनीच राहिली नाही."

"मग?"

"मग असं करा, तळोज्याला सावंतबाई आहेत. गिअर कापतात. त्यांना दाखवा. मी तोपर्यंत चौकशी करतो. इन्शाल्ला कुठेतरी निघेल."

सावंतबाईंचा कारखाना एका पत्र्याच्या शेडमध्ये. नवऱ्यामागे त्यांनी तो चालवायला घेतला आणि आता त्यांच्याशिवाय तिथलं पान हलत नाही. त्यांनी चाक फिरवून फिरवून पाहिलं, दातांवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली.

"हे मोजू कशावरून मी? दाताचा आकारच उरला नाही. अंदाजाने कापलं तर महिनाभर चालेल, मग खाईल आतलं सगळं. चांगला नमुना आणा, तसंच्या तसं कापून देते."

"चांगलं मिळालं असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो, बाई?"

"ते पण खरंच," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. जाता जाता एवढं सांगितलं, "आणि उद्या येऊ नका. शुक्रवारी आमची सुट्टी."

परत आलो तेव्हा पाय असे भरून आले होते की सातव्या मजल्यावर लिफ्ट असल्याचा मला पहिल्यांदा आनंद झाला. रात्री अण्णाचा फोन. चाकाबद्दल त्याने विचारलंच नाही. म्हणाला, "विलास आज येऊन झाडं मोजून गेला."

शुक्रवार, कोन आणि मग नेरे

सकाळीच हनीफभाईचा फोन. नमाजाआधी येऊन जा म्हणाला. गेलो, तर पत्ता तयार. एका ड्रायव्हरने असा ठेंगणा लाल ट्रॅक्टर फार्महाऊसवर पाहिला होता, एक्सप्रेसवेच्या अंगाला, कोनजवळ. मी रिक्षाने कोन गाठलं. फार्महाऊसचा रखवालदार बिहारकडचा, भला माणूस. त्याने कौतुकाने मला मागे नेलं आणि प्लास्टिकच्या आवरणातलं कोरं करकरीत गवत कापायचं यंत्र दाखवलं. लाल होतं, ठेंगणंही होतं. मला हसावं की रडावं कळेना. त्याच्या ओट्यावर बसून मी शुभाने दिलेले पराठे खाल्ले, त्यातला एक त्याला दिला.

हनीफभाईला फोन लावला तर तो ओशाळला. ड्रायव्हरला त्याने पुन्हा पकडलं आणि मग समजलं की कोन नव्हे, नेरे. एका टोकाला आलो होतो, आता दुसऱ्या टोकाला जायचं. भर उन्हात दोन रिक्षा बदलून नेऱ्याला पोचेपर्यंत दुपार कलली होती. पण एक सांगतो, नेऱ्याला उतरल्यावर पहिल्यांदा श्वास मोकळा झाला. समोर माथेरानचा डोंगर, खाली कापलेल्या भाताची खाचरं, मधे मधे शहरातल्या लोकांची बंद फार्महाऊसं. आमच्याकडे डोंगर बोडके आणि लांब. इथे तो परसात येऊन उभा राहतो.

वाडी सापडली. फाटकाशी भांडी घासत बसलेल्या बाईंनी वर पाहिलं. नाव हिराबाई, गावातल्याच. मी ट्रॅक्टरचं विचारलं तर त्या म्हणाल्या, "हाय ना. डॅनियलकाकांचा हाय. पन बिगी बिगी बोलून घ्या, दिवा लागायची येल झालीया."

मला वाटलं, दिवेलागणीची घाई म्हणजे साप-किरडाची भीती असेल. घरात गेलो. डॅनियलकाका उंच, वाळलेले, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात. मुंबईला गोदीत नोकरी करून निवृत्त झाले आणि वडिलांच्या जागेवर येऊन राहिले. शेजारी आरामखुर्चीत एस्तरकाकू. मराठी आपल्यासारखंच, म्हणजे माझ्यापेक्षा शुद्ध. ही मंडळी बेने इस्राएल. कोकणातले यहुदी, शेकडो वर्षं इथलेच. त्यांचे बहुतेक नातेवाईक इस्राएलला निघून गेले, हे दोघं राहिले. भिंतीवर मुलीचा आणि नातवंडांचा फोटो, तिकडचा.

मी चाक काढून टेबलावर ठेवलं आणि अण्णाची कथा सांगितली. डावा पाय, हाताचा क्लच, बागेच्या मधोमध बंद पडलेला ट्रॅक्टर, चौघांनी उचलून आणलेला माणूस. इतकं सगळं सांगायचं नव्हतं. पण दिवसभराचा शीण होता, आणि काकू ऐकत फार छान होत्या.

काकांनी चाक पाहिलं. म्हणाले, "हेच आहे. माझ्या ट्रॅक्टरात हेच आहे, दात अजून शाबूत." मग ते थांबले आणि काकूंकडे बघायला लागले.

काकू म्हणाल्या, "द्या त्यांना."

"एस्तर..."

"द्या म्हणते ना. शुक्रवारी दिवा लावायच्या वेळेला दारात आलेला माणूस. एलियाहू हन्नाबीने कुणाला पाठवलं असेल, आपल्याला काय माहीत?"

एलियाहू हन्नाबी हा त्यांचा प्रेषित, हे मला मागाहून कळलं. काकांनी मान डोलावली. "देतो. पण आज आता होणार नाही, आणि उद्या शब्बाथ, आमचा विसाव्याचा वार. उद्या मी हत्याराला हात लावत नाही. रविवारी सकाळी या."

आनंद झाला, पण वैतागही आला. खोटं कशाला बोलू? सावंतबाईंचा शुक्रवार बंद, यांचा शनिवार बंद, कळंबोलीचं मार्केट रविवारी बंद. आठवड्याचे दिवस पनवेलकरांनी आपापसात वाटून घेतलेत की काय? माझी पान्या-पकडीची थैली माझ्याजवळ होती. मी म्हटलं, "काका, तुम्ही नुसते बसा, मी काढून घेतो." काका हसले. "ट्रॅक्टर माझा आहे ना? मग सुट्टी त्यालाही आहे."

काकूंनी दिवा लावला, डोळ्यांवर हात धरले. मी उंबऱ्याशी उभा होतो. निघताना त्या म्हणाल्या, "उद्या जेवायला या. शब्बाथला पाहुणा असला की बरं वाटतं."

शनिवार, काहीच न करण्याचा दिवस

काही न करण्यासाठी रोडपालीहून नेऱ्याला जायचं, हे शुभाला पटवून देणं अवघड गेलं. "मामा, यू आर टू मच. एक दिवस घरी झोप ना!" म्हणाली. पण मला भीती होती. आपण डोळ्याआड झालो आणि माणसाचं मन बदललं तर? म्हणून गेलो.

जेवण कालच शिजवून ठेवलेलं, कारण शनिवारी चूल पेटवायची नाही. नारळाच्या दुधातली माशाची आमटी, तांदळाच्या भाकरी आणि थर्मासमधला कालचा चहा. मासे खवल्यांचेच खातात, कोळंबीला शिवत नाहीत. मी देशावरचा, मला मासा दिसला की काटा आधी दिसतो. काकूंनी माझ्या ताटातले काटे काढून दिले, लहान मुलाला देतात तसे. तांदळाची भाकरी मऊ लागते, पण ज्वारीच्या भाकरीचा जबड्याला जो व्यायाम आहे तो तिला नाही. हे मी बोललो आणि काकू खूप हसल्या.

जेवण झाल्यावर काका म्हणाले, "चला, ट्रॅक्टर बघू. हात लावायला बंदी आहे, बघायला नाही."

मागच्या शेडमध्ये दोन खुर्च्या टाकून आम्ही बसलो. ट्रॅक्टर जुन्या चादरीखाली होता, मागे एक छोटी ट्रॉली जोडलेली. चादरीच्या खालून टायर दिसत होते आणि टायरांना ओला चिखल होता. चिखल मला दिसला, पण दमलेल्या माणसाला दिसतं आणि कळत नाही. मी आपलं मनात धरून बसलो होतो की म्हाताऱ्याची हौस आहे, शेडमध्ये पडून असेल.

"तुमचं चाक झिजलं कसं?" काकांनी विचारलं. "तेल कुठलं घालता?"

"ट्रकला घालतात ते. मेकॅनिक तेच घालतो."

"तिथेच घात झाला. ट्रकच्या तेलात जे औषध असतं ते लोखंडाला मानवतं, पितळेला खातं. मी एरंडेल घालतो."

मला वाटलं थट्टा करतायत. लहानपणी नाक दाबून पाजायचे ते एरंडेल?

"तेच. माझे आजोबा तेल गाळायचे. आम्हाला कोकणात शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी आमचा घाणा बंद. घाण्याचा बैलसुद्धा शनिवारी उभा. देवाची आज्ञा आहे, तुझ्या जनावरालाही विसावा दे. माझ्याकडे बैल नाही, हा आहे. मग याला नको का?"

आमच्याकडे सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नसत. शिंगणापूरचा महादेव आमचा, आणि नंदीचा वार सोमवार. वडील असेपर्यंत ते पाळलं गेलं. ट्रॅक्टर आला आणि सोमवार बुडाला. लोखंडाला कसला आलाय वार, असं आम्ही सगळ्यांनीच ठरवून टाकलं. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "लोखंडाला नसेल. बसणाऱ्याला असतो."

दुपारभर आम्ही नुसते बसलो, आणि काका एकेक सांगत राहिले. एरंडेल घालायच्या आधी जुनं तेल रॉकेलने धुऊन पुरतं काढायचं, दोन्ही मिसळायची नाहीत. सील गळतं का ते रोज सकाळी खाली पुठ्ठा टाकून बघायचं. डोंगराच्या बाजूने वारा येत होता. कधी डोळा लागला कळलं नाही. जाग आली तेव्हा अंगावर शाल होती. घर सोडल्यापासून मला लागलेली ती पहिली धड झोप.

रविवार

सकाळी फाटकाशी पोचलो आणि इंजिनचा आवाज ऐकला.

वाडीत केळीच्या ओळीमधून लाल ट्रॅक्टर चालला होता. वर काका, डोक्याला टोपी. मागच्या ट्रॉलीत गादी टाकलेली आणि गादीवर काकू, मांडीवर सूप घेऊन. मधे मधे ट्रॅक्टर थांबायचा, काकू हात लांब करून एखादी मिरची तोडायच्या, झेंडूला हात लावायच्या, काहीतरी बोलायच्या. मग ट्रॅक्टर पुढे. काकूंना उभं राहिलेलं मी एकदाही पाहिलं नव्हतं हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

हिराबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "रोज असंच फिरवतान काका. काकूंचे गुडघं पार गेलं. चाकाची खुर्ची आनली व्हती पोरीनं, पन ती हितं मातीत चालं नाय. शनवार सोडून रोज हा फेरा. आज शेवटचा, म्हनून जरा लांबून नेलाय."

"शेवटचा?"

"तुमी चाक नेनार ना?"

फाटकाच्या खांबाला टेकून मी खालीच बसलो. इतके दिवस जी वस्तू शोधत वणवण केली, ती सापडली होती एका बाईच्या पायांमध्ये. आणि त्या बाईनेच म्हटलं होतं, द्या त्यांना.

अण्णाला फोन लावला. सगळं सांगितलं.

"बाळू," तो म्हणाला, "एकाचे पाय काढून दुसऱ्याला लावायचे नसतात. चाक काढू देऊ नकोस. परत ये. विलासला मी सांगतो काय ते."

"अण्णा, अरे..."

"परत ये म्हटलं ना. दमला असशील."

या शेवटच्या वाक्याने मी रडलो. साठी उलटलेला माणूस, परक्याच्या फाटकाशी बसून, हिराबाईंच्या देखत. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

ट्रॅक्टर जवळ आला, थांबला. मी उठून काकांना म्हटलं की चाक नको. काकूंना राग आला. खरा राग. "मी दया म्हणून दिलं नाही. तुमचा भाऊ बागेत अडकून पडला होता, मीही पडले होते एकदा, तिकडे त्या आंब्याखाली. हिरा येईपर्यंत. ते कसं वाटतं मला माहीत आहे. आणि तो तरुण आहे माझ्यापेक्षा. बाग त्याची पोटाची आहे, माझी नुसती हौस."

"हौस नाही ती, काकू."

"मग काय आहे?"

चाकाकडे, म्हणजे माझ्या पिशवीतल्या त्या निकामी चाकाकडे बघत मी उभा राहिलो, आणि सावंतबाईंचं गुरुवारचं वाक्य डोक्यात आलं. चांगला नमुना आणा, तसंच्या तसं कापून देते. तेव्हा ते मला नकारासारखं ऐकू आलं होतं. नंतर चांगलं चाक सापडलं, तर ते उचलून घरी पळायचं एवढंच मनात. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

काकांना सांगितलं. चाक काही दिवस उसनं द्या. त्याच्यावरून नवीन कापून घेतो आणि तुमचं तुम्हाला आणून बसवून देतो. अडचण एकच, तोवर काकूंचा फेरा बंद.

काकू म्हणाल्या, "शब्बाथ आठवड्यातून एकदा येतो. या आठवड्यात चार वेळा आला असं समजेन. काढा."

मग आम्ही दोघांनी मिळून गिअरबॉक्स उघडला. एरंडेलाचा वास आला, आणि आतून ते चाक निघालं. दात असे की बोट फिरवताना वाटावं कालच कापलंय.

तळोजा, आणि पुन्हा नेरे

सोमवारी मार्केट उघडल्यावर हनीफभाईने गनमेटलचा गोळा निवडून दिला. ठोकून ठोकून आवाज ऐकून निवडला, आणि चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. सावंतबाईंनी काकांचं चाक हातात घेतलं तेव्हा त्यांचा चेहराच बदलला. "याला म्हणतात नमुना," म्हणाल्या. चाक मशिनवर चढेपर्यंत आणि उतरेपर्यंत मी शेडच्या दाराशी स्टुलावर बसून होतो. मशीन इतक्या सावकाश कापतं की बघणाऱ्याचंच वय वाढतं. रोज संध्याकाळी अण्णाचा फोन यायचा. विलास दोनदा येऊन बसून गेला होता. अण्णाने त्याला एवढंच सांगितलं होतं, "चाक कापायला घातलंय, उतरेपर्यंत थांब."

शेवटी दोन चाकं पिशवीत घालून नेऱ्याला गेलो. एक काकांचं जुनं, एक नवं, सोन्यासारखं झळझळीत. मी जुनं चाक काकांपुढे ठेवलं. त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं आणि नवं उचललं.

"काका, ते माझं. हे तुमचं."

"हे मी तुम्हाला शुक्रवारी दिलं," काका म्हणाले. "दिलेलं परत घेत नाहीत. शिवाय जरा डोकं चालवा. नवं चाक कुरकुर करेल, घासून घ्यावं लागेल. सावंतबाई मला इथून जवळ आहेत. तुम्ही फलटणहून किती वेळा येणार? मुरलेलं चाक लांब जाऊ दे."

मी काकूंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "घ्या. नाहीतर मी पुन्हा रागावेन."

नवं चाक आम्ही बसवलं, एरंडेल भरलं. ट्रॅक्टर थोडा कण्हला आणि चालला. काकू ट्रॉलीत बसल्या, आणि या खेपेला हिराबाईही चढल्या. त्यांना म्हणे कधी कुणी बसा म्हटलंच नव्हतं.

निघताना काकूंनी पानात बांधून मलिदा दिला. आमच्याकडे मलिदा म्हणजे पोळी कुस्करून गूळ-तूप घातलेला. त्यांचा मलिदा भिजवलेल्या पोह्यांचा, ओलं खोबरं आणि साखर घातलेला, वर फळं. एलियाहू हन्नाबीच्या नावाने करतात, काही पार पडलं की. "तुमचं पार पडलं, आमचंही पडलं," त्या म्हणाल्या. तो मी घाट चढेपर्यंत संपवला, आणि उरलेला प्रवास झोपून काढला.

घरी

चाक बसलं. अण्णा ट्रॅक्टरवर चढला तेव्हा त्याला कुणी हात दिला नाही, कारण त्याने देऊ दिला नाही. हाताने क्लच सोडला आणि बागेत गेला तो दुपारचं जेवण बागेतच मागवून घेतलं. संध्याकाळी काकांना फोन लावून दिला. दोघं इतका वेळ एरंडेलावर बोलत होते की मी कंटाळून उठलो.

पुढच्या शनिवारी सकाळी मी अण्णाकडे गेलो तर ट्रॅक्टर चादरीखाली. अण्णा अंगणात खुर्ची टाकून नुसता बसलेला. तेवढ्यात कुंपणापलीकडून विलासने पाहिलं, आणि त्याच्या आवाजातली आशा काही लपली नाही.

"काय अण्णा, परत बिघडला वाटतं?"

"नाही रे," अण्णा म्हणाला. "त्याच्या पोटातलं चाक शनिवार पाळतं. सोमवार मी पाळतो. उरलेले पाच दिवस मला पुरतात, बाग काही द्यायची नाही."